प्रोग्रॅमला काय काय लागते, हे संगणकाला कसे कळते?

लिनक्सवरील पॅकेज साधने तयार करतात गरजांची यादी. मराठीसाठी मात्र माणसाची नोंद आवश्यक

कसबा बावडा (कोल्हापूर) - स्वतःच्या संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम मित्राच्या संगणकावर नेला, की तो उघडतच नाही, हा अनुभव संगणकशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कधी ना कधी येतो. अनेकदा प्रोग्रॅममध्ये काहीच चूक नसते. त्याला लागणारी एखादी फाइल त्या दुसऱ्या संगणकावर नसते. लिनक्सवर अशी वेळ येऊ नये, यासाठी पॅकेज बांधणारी साधने प्रोग्रॅमची तपासणी करून त्याच्या गरजांची यादी आपोआप तयार करतात. ही यादी बहुतांशी विश्वासार्ह असते. मात्र मराठी दिसण्यासाठी आणि लिहिण्यासाठी लागणाऱ्या काही गोष्टी या साधनांच्या नजरेत येत नाहीत. मराठी सॉफ्टवेअर अनेकदा अडते ते तेथेच.

सामाईक भांड्यांची व्यवस्था

गावात लग्नकार्य निघाले, की मोठी पातेली आणि पराती प्रत्येक घर विकत घेत नाही. देवळातील किंवा मंडळाकडील सामाईक भांडी आणून काम भागविले जाते. संगणकातील ‘शेअर्ड लायब्ररी’ ही अशीच व्यवस्था आहे. खिडकी दाखविणे, अक्षरे जुळविणे, माहिती गुप्त लिपीत बदलणे अशी नेहमीची कामे करणारा कोड एका फायलीत ठेवला जातो आणि अनेक प्रोग्रॅम तो वापरतात. त्यामुळे जागा वाचते. शिवाय एखादा दोष आढळल्यास एकाच ठिकाणी दुरुस्ती करून भागते. अट एवढीच, की कोणाला कोणते भांडे लागणार आहे, हे आधी ठाऊक असले पाहिजे.

नोंद फायलीतच असते

कसबा बावडा येथे १९८४ मध्ये स्थापन झालेले डी. वाय. पाटील अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने मराठी लेखनासाठी सी भाषेत छोटा संपादक लिहिला, असे समजू. खिडक्यांसाठी त्याने ‘जीटीके’ आणि मजकुराच्या मांडणीसाठी ‘पँगो’ या लायब्ररींचा आधार घेतला. कोडपासून चालणारी फाइल तयार होताना ‘लिंकर’ हे साधन त्या फायलीतच लायब्ररींची नावे लिहून ठेवते. लिनक्सवरील अशा फायलींच्या रचनेला ‘एल्फ’ म्हणतात आणि या नोंदीला ‘नीडेड’.

नोंदीत नावासोबत एक क्रमांकही असतो. लायब्ररीत जुन्या प्रोग्रॅमना न मानवणारा बदल झाला, की हा क्रमांक बदलला जातो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ओपनएसएसएलची ३.० ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्या लायब्ररीचा क्रमांक १.१ वरून ३ झाला. जुन्या क्रमांकावर बांधलेले प्रोग्रॅम नव्या लायब्ररीला हात लावत नाहीत. त्यांना जुनीच लागते. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीतून जुनी लायब्ररी वगळण्यात आली, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेले बाहेरचे प्रोग्रॅम बंद पडले, ते यामुळेच.

दोन घराणी, दोन पद्धती

डेबियन आणि त्यावर आधारलेल्या प्रणालींत हे काम ‘डीपीकेजी-शलिबडेप्स’ हे साधन करते. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. हे साधन प्रथम ‘नीडेड’ नोंदी वाचते, ती फाइल कोणत्या पॅकेजमधून येते ते शोधते आणि त्या पॅकेजचे नाव यादीत लिहिते. २००७ पासून ते आणखी खोलात जाते. प्रोग्रॅम लायब्ररीतील नेमकी कोणती फंक्शन वापरतो आणि त्यातील प्रत्येक फंक्शन कोणत्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, हे ते ‘सिम्बॉल्स’ नावाच्या तक्त्यात पाहते. त्यातून निघणारी किमान आवृत्तीच यादीत जाते. त्यामुळे विनाकारण नव्या आवृत्तीचा आग्रह धरला जात नाही.

फेडोरा, रेड हॅट या घराण्यातील ‘आरपीएम’ पॅकेजचे नाव लिहीत नाही. ते थेट लायब्ररीचे नाव गरज म्हणून नोंदविते. दुसरीकडे लायब्ररीच्या पॅकेजवर ‘मी हे पुरविते’ अशी नोंद आपोआप होते. या दोहोंची जुळणी बसवितेवेळी केली जाते.

थेट गरज आणि आडून येणारी गरज

‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातील ऱ्य आणि च्या ही जोडाक्षरे नीट जुळविण्याचे काम ‘हार्फबझ’ ही लायब्ररी करते. विद्यार्थ्याच्या संपादकाने तिला थेट हाक मारलेली नाही. ती पँगोला लागते. म्हणून संपादकाच्या यादीत पँगो येते आणि हार्फबझ पँगोच्या यादीत. प्रत्येकाने आपापल्या थेट गरजा सांगाव्यात, हा नियम आहे. उद्या पँगोने हार्फबझऐवजी दुसरी लायब्ररी घेतली, तरी संपादकाची यादी बदलावी लागत नाही. ‘एलडीडी’ ही आज्ञा मात्र थेट आणि आडून येणाऱ्या अशा सर्वच लायब्ररी दाखविते. तिचा निकाल पाहून हाताने यादी लिहिणारे म्हणूनच फसतात.

आडून येणारी गरज किती महत्त्वाची ठरू शकते, हे २९ मार्च २०२४ रोजी जगासमोर आले. ‘एक्सझेड’ या दाबयंत्रणेच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केले. दूरस्थ प्रवेशाची सेवा देणाऱ्या ओपनएसएसएचला या लायब्ररीची स्वतःला गरज नव्हती. काही लिनक्स प्रणालींनी तिला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि त्या लायब्ररीमागून एक्सझेडची लायब्ररी आत येत होती.

यंत्राला न दिसणारे

काही लायब्ररी प्रोग्रॅम सुरू झाल्यानंतर ऐनवेळी ‘डीएलओपन’ या फंक्शनद्वारे उघडल्या जातात. त्यांची ‘नीडेड’ नोंद होत नाही. मराठी टंकलेखनासाठी लागणारे ‘इनपुट मेथड’चे घटक जीटीके अशाच रीतीने उघडते. देवनागरी फॉन्ट तर लायब्ररीही नव्हे. ती निव्वळ माहितीची फाइल. त्यामुळे साधनाने बनविलेली यादी पूर्ण असूनही मित्राच्या संगणकावर अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसू शकतात किंवा मराठी कळफलक उपलब्ध होत नाही. तक्रार येईपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रोग्रॅम बिनतक्रार उघडलेला असतो.

२०२४ च्या जूनमध्ये आलेल्या सिस्टमडी २५६ पासून ऐनवेळी उघडायच्या लायब्ररींची टीप एल्फ फायलीतच ठेवण्याची पद्धत सुरू झाली आहे. पण ती टीप लिहिण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरचीच राहते, आणि फॉन्टचा प्रश्न तिने सुटत नाही.

त्यावरचा उपाय साधा आहे. डेबियन पॅकेज बांधताना ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हा देवनागरी फॉन्ट आणि ‘आयबस-एम१७एन’ हा टंकलेखनाचा घटक ‘रेकमेंड्स’ या रकान्यात हाताने लिहावा. एरवी प्रणाली तो आपोआप बसविते. त्यानंतर पॅकेज स्वतःच्या संगणकावर न तपासता, नुकत्याच बसविलेल्या कोऱ्या प्रणालीवर किंवा व्हर्च्युअल मशिनवर तपासावे. स्वतःच्या संगणकावर मराठीची सर्व सोय आधीच झालेली असते. उणीव दिसते ती कोऱ्या प्रणालीवरच.