शरदातील कोबीकुळ

पावसाळा सरला, की परसबागेत कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि मुळ्याचे दिवस येतात. स्वयंपाकघरातील मोहरीही याच कुळातली. मुळा व मोहरी जागेवरच पेरतात. इतरांची रोपे गादीवाफ्यावर तयार करून, ४ ते ५ आठवड्यांची झाल्यावर लावतात. ऑक्टोबरच्या उन्हात कोवळ्या रोपांना आडोसा हवाच.

खरी परीक्षा फुलकोबीची. प्रत्येक जात ठरावीक तापमानालाच गड्डा धरते. हळवी जात उशिरा लावली, तर थंडीमुळे रोप लहान असतानाच सुपारीएवढा गड्डा येतो आणि तेथेच थांबतो. गरवी जात फार लवकर लावली, तर नुसती पानेच वाढत राहतात. मग कितीही खतपाणी घातले, तरी वसतिगृहाच्या पंगतीला भाजी पुरत नाही. म्हणून बियाणे घेताना किमतीआधी हंगाम विचारावा.

कोबीचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. तिला मोहरी अधिक प्रिय. त्यामुळे कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी पेरण्याची पद्धत आहे : एक लागवडीपूर्वी सुमारे १५ दिवस, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. लहान बागेत कडेने पेरली तरी चालते. मात्र मोहरीवर निंबोळी अर्क वेळेवर फवारला नाही, तर तीच अळ्यांचे माहेर होते!

गड्डा भरताना पाण्याचा ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिले, तर कोबी तडकतो. फुलकोबीचा गड्डा दिसू लागताच भोवतालची पाने त्यावर बांधावी. उन्हाने तो पिवळा पडतो.