टू-स्ट्रोक इंजिन स्वतःहून रेस धरते तेव्हा

आमच्या जळकोटच्या बाजूला टू-स्ट्रोक इंजिन अजून पुष्कळांच्या रोजीरोटीशी बांधलेले आहे. नळदुर्ग, अणदूरच्या बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणारी जुनी लुना, शेतातला पेट्रोलचा फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, सर्वांची जात एकच. या इंजिनाची एक खोड व्यापारी व कारागीर बांधवांनी ओळखून ठेवावी. मूठ सोडली तरी इंजिन खाली बसत नाही, उलट चढतच जाते. कधी कधी स्विच बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी घाबरून काही मिनिटे वाया घालवली, तर पिस्टन जाम होऊन कित्येक दिवसांची कमाई दुरुस्तीत जाते.

याचे कारण समजून घ्या. या इंजिनाला पिस्टनच्या तेलासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोल, हवा आणि त्यात मिसळलेले ऑइल आधी खालच्या क्रँककेसमधून जाते, मग वर जळते. म्हणून क्रँककेस हवाबंद असावी लागते. कोठून तरी जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर इंजिन रेस धरते. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. वेग वाढतो आणि त्याच वेळी वंगण घटते. मग उष्णतेने प्लगचे टोक किंवा आत साठलेला कार्बन लाल होतो. तो निखारा ठिणगीचे काम करतो, म्हणून स्विचचा उपयोग होत नाही.

प्रथम इंजिन थांबवा. स्विच बंद करा. तरीही चालू राहिले तर चोक पूर्ण ओढा. हवा कमी, पेट्रोल जास्त झाले की इंजिन गुदमरून बंद पडते. नुसता पेट्रोलचा कॉक बंद करून वाट पाहू नका. कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालते आणि संपता संपता आणखी चढते. चोक नसेल तर हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबा. मी कापडाचा माणूस, म्हणून हे सांगणे माझे कर्तव्य आहे : तिथे चिंधी कोंबू नका, इंजिन ती आत ओढून घेते. हाताचा तळवाही लावू नका.

गियरची गाडी असेल तर क्लच दाबू नये. ओझे सुटले की इंजिन मोकाट सुटते. कोकणात तारकर्लीला पाण्यावर ज्या जेट स्कूटर पळतात, त्यांच्यातही हाच नियम दिसतो. त्यांचा पंप पाणी ओढून मागे फेकतो. तोंड पाण्याबाहेर आले किंवा जाळीत पिशवी, शेवाळ अडकले की पंपावर भार राहत नाही आणि इंजिन एकदम चढते. तेथे इंजिन उघडण्याआधी जाळी पाहावी.

इंजिन थंड झाल्यावर तपासणी या क्रमाने करावी :

१) ॲक्सिलेटरची केबल. मूठ सोडताच कार्बोरेटरमधला स्लाइड खाली बसल्याचा 'टक्' आवाज आला पाहिजे. केबलची तार उसवलेली किंवा गंजलेली असेल तर बदला.

२) कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला जोड. बोल्ट ढिले, गॅस्केट फाटलेले किंवा रबर तडकलेले असते. जोडावर सगळीकडे घट्ट ग्रीस लावा. रेस खाली आली तर हवा तेथूनच शिरत होती.

३) क्रँकची ऑइल सील. मॅग्नेटचे झाकण काढा. आत तेलकट ओल असेल तर त्या बाजूची सील गेली समजा. क्लचच्या बाजूची गेली तर गियर ऑइल आत ओढले जाते, दाट धूर येतो आणि प्लग तेलाने भिजतो.

४) पेट्रोलची वाट. जेटमधला कचरा, कॉकची जाळी, टाकीच्या झाकणाचे छिद्र.

५) प्लगचा रंग. बदामी असेल तर ठीक. पांढरट असेल तर मिश्रण पातळ आहे. साचलेला कार्बन खरवडून काढा.

ऑइल अंदाजाने ओतू नका. पुस्तिकेत ४० ला १ लिहिले असेल तर लिटरला २५ मिली, मापाने.

पुष्कळजण रेस वाढली की कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून ती खाली आणतात आणि काम झाले समजतात. फाटलेली सील तशीच राहते, पिस्टन कोरडा चालतो. सील थोडक्या पैशांची वस्तू आहे, पिस्टन आणि सिलिंडर तसे नाहीत. गिऱ्हाइकाचे यंत्र हातात घेणाऱ्या मिस्त्रीने स्क्रूला हात लावण्याआधी हवा कोठून येते ते शोधावे. त्यातच गिऱ्हाइकाचा फायदा आहे आणि दुकानाचे नावही.