हे कुठल्या वाड्यातले?

बुधवारी नाशिकच्या गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. भाजी, धान्य, मसाले, दोरखंड, विळे-कोयते यांच्या गर्दीतून पुढे सरकले, की कडेला पोते अंथरून बसलेला एखादा माणूस दिसतो. पोत्यावर पितळी कुलूप, झाकण हरवलेला पानाचा डबा, समईचा नुसता वरचा भाग, कपाटाच्या मुठी, लोखंडी वजने. मुंबईत मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशा वस्तू एका जागी सापडतात. नाशिकमध्ये मात्र त्या विखुरलेल्या असतात. घाटावर एक, भांडी बाजारातल्या मोडीच्या ढिगात दुसरी, तिसरी एखाद्या सुताराच्या पडवीत. अंबड-सातपूर लिंक रोडवर भंगाराचा मोठा बाजार होता, तो महापालिकेने २०१७च्या जानेवारीत हटवला.

वस्तू आवडली की भाव विचारायच्या आधी मी एकच विचारते, “भाऊ, हे कुठल्या वाड्यातले?” निम्म्या वेळा उत्तर मिळत नाही. मिळाले तर ते लगेच लिहून ठेवावे, कारण नाशिकच्या जुन्या सामानाचा मूळ झरा म्हणजे जुन्या नाशिकचे वाडे, आणि ते झपाट्याने संपत आहेत. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात. वारसांच्या वाटण्या, भाडेकरूंचे दावे आणि तुटपुंजे भाडे यांत डागडुजी कोणी करत नाही. मग एक दिवस वाडा उतरवायला देतात. तुळया, खांब, कडीपाट यांना लाकूड म्हणून भाव येतो. दारे-चौकटी, फडताळे, झोपाळ्याच्या पितळी कड्या वेगळ्या निघतात. उरलेले मोडीत.

या लाकडाला मागणी का, ते हात लावला की कळते. पेठ, सुरगाणा आणि पलीकडचे डांग हा सगळा सागाचा मुलूख. डांगच्या जंगलाचे महत्त्व इंग्रजांना इतके पटले होते, की १८४२ साली त्यांनी तिथल्या राजांकडून जंगलाचे पट्टे करून घेतले. जुन्या तुळईचा साग सावकाश वाढलेला, गाभ्याचा, तेलकट असतो. वर काजळी चढलेली असली तरी रंधा फिरवला की आतून मधाच्या रंगाचे लाकूड निघते आणि वासही येतो.

एका सुताराकडे भिंतीला टेकवून ठेवलेले फडताळाचे दार मी बराच वेळ न्याहाळत बसले होते. त्याला बिजागरीच नव्हती. फळीच्याच वर-खाली गोल खुंट ठेवलेले, ते चौकटीच्या भोकांत फिरायचे. खालचा खुंट एका बाजूने झिजून तिरका झाला होता. आडव्या पट्ट्यांवर घडीव खिळे, एकाचेही डोके दुसऱ्यासारखे नाही. हाताच्या उंचीला लाकूड काळेभोर, गुळगुळीत, आणि आतल्या बाजूला खडूने काढलेल्या दुधाच्या हिशेबाच्या रेघा. सुतार म्हणाला, “ताई, पॉलिश मारून देतो, एकदम नवे दिसेल.” नवे दिसू नये म्हणून तर ते घ्यायचे!

जुने ओळखायचे ते असेच, झिजेवरून. झीज हात लागतो तिथेच असते. सगळीकडे सारखी असेल तर ती सँडपेपरची. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकातला, तेव्हा तो मूळचा असेल तर वस्तू ‘पेशवेकालीन’ नाही हे नक्की. खण पूर्ण बाहेर ओढून मागची फळी पाहावी, तिथे प्लायवूड दिसले तर काय ते समजावे. पायाशी पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे, ते घरात आणू नये. पितळेजवळ लोहचुंबक न्यावे. चिकटले, तर आत लोखंड आहे.

नाशिकजवळच्या देवळालीचे सामान वेगळ्या घराण्याचे. १९व्या शतकात तिथे गोऱ्या सैनिकांची छावणी वसली, पुढे हवापालटासाठी पारशी कुटुंबांनी बंगले बांधले, आरोग्यधामे उभी राहिली. तिकडून लांब हातांच्या आरामखुर्च्या येतात, वेताच्या बैठकीची बाके येतात, आरसा जडवलेली कपाटे येतात. वेत तुटलेला असला तरी घाबरू नये, सांगाडा हलत नाही ना एवढे पाहावे. वेत पुन्हा विणता येतो.

भांड्यांचे दुःख मोठे आहे. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, आणि इथेच घंगाळ, हंडे, बंब किलोवर मोडीत जातात. पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही मापेही तशीच. पायलीचे चार शेर आणि शेराची दोन मापटी हे आता कोणाला पाठ नाही, कारण १९५८पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि मापे फळीवर गेली. पूर्ण उतरंड एकत्र मिळाली तर एकेक माप सुटे करून घेऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. तसेच नक्षीचा खांब कापून दिवा करणे, चौकटीचा तुकडा काढून भिंतीवर लावणे मला मुळीच पटत नाही. पुण्यातल्या केळकर संग्रहालयाच्या काका केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून संग्रहालयात तो महाल पुन्हा उभा केला, म्हणून आज तो महाल म्हणून पाहता येतो.

आणि मूळ ठिकाण माहीत असले की वस्तूला केवढे वजन येते, याचा दाखला नाशिकमध्येच आहे. पंचवटीत सरदार नारोशंकरांनी १७४७ साली बांधलेल्या देवळावरची प्रचंड घंटा पोर्तुगिजांची. १७३९च्या वसईच्या विजयानंतर ती आली असे सांगतात. देवळाचे नाव रामेश्वर, पण नाशिककर त्याला नारोशंकराचेच देऊळ म्हणतात, आणि घंटेला पाणी लागले का यावरून गोदेचा पूर मोजतात.

घेताना कायद्याचे भान हवे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२चा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू, तसेच ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते त्यात येतात. मूर्ती, चित्रे, पोथ्या यांची नोंदणी लागते आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. घाटावर कोणी दगडी मूर्ती दाखवली तर हात लावू नये, ती कुठल्या तरी देवळातून निघालेली असू शकते. खुर्ची, फडताळ, घंगाळ घ्यावे. पावती मागावी, तिच्या मागे वाड्याचे आणि गल्लीचे नाव लिहावे, आणि ती पावती फडताळाच्याच खणात तळाशी चिकटवून टाकावी.