द्विहस्त परशु : रचना आणि रणव्यूह

कुऱ्हाड हे मूलतः लाकूडतोड्याचे अवजार. त्यामुळे युद्धातील परशु म्हणजे त्याच अवजाराची अधिक जड आवृत्ती होय, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. उत्तर युरोपातील दहाव्या-अकराव्या शतकांत प्रचलित असलेल्या द्विहस्त परशूंचे अवशेष तपासले असता हा समज टिकत नाही. इतकेच नव्हे, तर या शस्त्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच रचनेतून उद्भवली, असे दिसून येते.

लाकूड फोडावयाच्या कुऱ्हाडीचे पाते पाचरीप्रमाणे जाड असते, कारण तिला लाकडाचे तंतू विलग करावयाचे असतात. परशूचे पाते याउलट रुंद व पातळ असे. यान पेटरसन यांनी १९१९ साली नॉर्वेतील शस्त्रांचे जे वर्गीकरण केले, त्यातील ‘एम’ वर्गात या प्रकारचे परशु मोडतात. धारेची लांबी बहुधा २० ते ३० सेंटिमीटर असे. पात्याचा मध्यभाग अत्यंत पातळ ठेवून धारेलगत ते पुन्हा किंचित जाड केलेले असे. अनेक परशूंमध्ये मऊ लोखंडाच्या अंगास पोलादी धार तापवून जोडीत. दक्षिण नॉर्वेतील लांगेइड येथे २०११ साली उत्खननात सापडलेल्या परशूच्या पात्याचे मूळ वजन सुमारे ८०० ग्रॅम, तर दांड्याची लांबी सुमारे ११० सेंटिमीटर असावी, असा अंदाज करण्यात आला आहे.

इतके हलके पाते घातक कसे ठरे? गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या सम प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांब दांड्यामुळे पात्यास मोठा वेग मिळे, आणि तो आघात धारेच्या अल्पशा भागावर एकवटे. तथापि या लाभाचे मोलही द्यावे लागे. दोन्ही हात दांड्यात गुंतल्याने योद्ध्यास ढाल धरता येत नसे. शिवाय वार हुकल्यास शस्त्र सावरण्यात काही क्षण जात. त्या क्षणांपुरते त्याचे रक्षण शेजारच्या सैनिकांच्या ढालींवर अवलंबून राही. सारांश, परशुधारी हा व्यूहाचा घटक होता.

ही गोष्ट दोन लढायांवरून स्पष्ट होते. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्ज येथे इंग्रज सैन्य टेकडीवर ढालींची रांग धरून पायी उभे राहिले. बायो येथील प्रसिद्ध भरतकामात लांब दांड्याचे परशु धारण केलेले इंग्रज योद्धे दाखविले आहेत. रांग अभंग होती तोवर नॉर्मन घोडदळाचे हल्ले परतवले गेले. परंतु माघार घेणाऱ्या शत्रूचा पाठलाग करीत काही तुकड्या उताराखाली गेल्या, आणि तेथे त्या वेढल्या जाऊन मारल्या गेल्या.

पंधरा वर्षांनी, १०८१ साली, आजच्या आल्बानियातील दुर्रेस म्हणजे तत्कालीन डिर्‍हाकियम येथे बायझंटाइन सम्राट आलेक्सिओस पहिला आणि नॉर्मन सेनापती रॉबर्ट गिस्कार यांची गाठ पडली. सम्राटाच्या वरेंजियन रक्षकदलाचे परशु हे विशेष शस्त्र होते, आणि इंग्लंड सोडून आलेले योद्धेही त्या दलात होते. आलेक्सिओसची कन्या आना कोम्नेने हिने आपल्या इतिहासग्रंथात लिहिल्याप्रमाणे, हे दल आवेशाच्या भरात मुख्य सैन्यापासून फार पुढे गेले. थकलेल्या त्या सैनिकांवर नॉर्मन पायदळ तुटून पडले. वाचलेल्यांनी एका चर्चचा आश्रय घेतला, तेव्हा ते चर्चच पेटवून देण्यात आले.

दोन्ही प्रसंगी परशूची धार पूर्वीइतकीच तीक्ष्ण होती. व्यूह मात्र उरला नव्हता. म्हणून संग्रहालयातील शस्त्राचा अभ्यास करताना त्याचे वजन व माप नोंदवून थांबणे पुरेसे नाही. ते हाती घेणाऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूस कोण उभे होते, हाही प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे.