समुद्राने सोडलेली रेघ: कोकणातला मुक्काम आणि पुरावा वाचायचा धडा

जळकोटच्या पोरांना समुद्राचं अप्रूप असतंच. आमच्याकडे पाणी म्हणजे तिरू नदी, तळं, विहीर, नाहीतर टँकर. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मित्रांनी एक जुनी गाडी, दोन तंबू आणि एक स्टोव्ह घेऊन कोकण गाठायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोहता येतं का?" एकालाही येत नव्हतं.

लातूर, बार्शी, टेंभुर्णी, पुणे, मग ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड. हॉटेलात राहायचं नाही, जिथे गर्दी नाही अशा किनाऱ्यावर तंबू ठोकायचा, एवढंच ठरलं होतं. प्रवासाची मजा मित्रांच्या फोनमध्ये आहेच. इथे मी दोन गोष्टी सांगणार आहे, कारण पीएचडीच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाला त्या उपयोगी पडतील असं मला वाटतं.

पहिली रात्र: आमची चूक

दापोली तालुक्यातल्या केळशी गावाजवळच्या एका निर्मनुष्य किनाऱ्यावर आम्ही संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचलो. समुद्र लांब आत गेलेला, समोर भलीमोठी मोकळी वाळू. पाण्यापासून शंभरेक पावलांवर कोरडी जागा बघून तंबू लावले. आमच्या मागे, थोडं वरच्या बाजूला, सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांची एक लांबच लांब रेघ होती. आम्ही म्हटलं, कचरा आहे.

रात्री अकराच्या आसपास तंबूत पाणी आलं. स्टोव्ह, चपला आणि माझी एक वही गेली. काळोखात सामान ओढत आम्ही त्या 'कचऱ्याच्या' वर जाऊन बसलो आणि तिथे मात्र पाणी आलं नाही.

सकाळी गावातले एक काका भेटले. म्हणाले, "पोरांनो, काल आवस होती. विचारायचं तरी कुणाला!" मग त्यांनी हिशोब सांगितला: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. अमावस्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधरा पाऊण सव्वाअकरा. अष्टमीला आठ पाऊण सहा. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. 'पाऊण' म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे हे गणित अगदी अचूक नाही, पण होडी काढायला पुरेसं आहे. शिवाय अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एकत्र येते, त्या भरतीला उधाण म्हणतात. आम्ही पोचलो ती बरोबर ओहोटीची वेळ होती.

आता आमची चूक संशोधनाच्या भाषेत मांडतो. आम्ही एकच निरीक्षण केलं, तेही एकाच वेळी, आणि त्यावरून 'इथे पाणी येत नाही' असा निष्कर्ष काढला. वर, आधीच्या भरतीने लिहून ठेवलेला पुरावा समोर असून तो आम्ही कचरा म्हणून सोडून दिला.

दुसरा दिवस: तीच रेघ, पण शतकांपूर्वीची

केळशीला भारजा नदीच्या मुखाजवळ वाळूची मोठी टेकडी आहे. मी पाहिली तेव्हा तिची एक बाजू ढासळून आतले थर उघडे पडले होते. आपल्याकडे विहीर खणताना काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण असे थर दिसतात ना, तसंच, फक्त वाळूत.

या टेकडीवर बरंच काम झालं आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी इथे त्सुनामीची शक्यता मांडली होती. पुढे सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सविस्तर शोधनिबंध २०२१ मध्ये आला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: या वाळूत समुद्राच्या मोठ्या लाटेने आणून टाकलेला एक थर आहे आणि त्याचा संबंध १५२४ सालच्या घटनेशी असावा. त्या वर्षी वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना वारा नसतानाही समुद्र खवळला आणि जहाजं हादरली, अशी नोंद गास्पार कोरेया या पोर्तुगीज लेखकाने केली आहे. दाभोळ केळशीच्या दक्षिणेला, याच तालुक्यात आहे.

आता संशोधक म्हणून प्रश्न विचारा: हे वाऱ्याचं काम कशावरून नाही? वारा बारीक, एकसारख्या आकाराची वाळू आणतो, मोठे शिंपले उचलत नाही. म्हणजे शिंपल्यांचा, जाड वाळूचा थर पाण्याकडे बोट दाखवतो. मग वादळ कशावरून नाही? हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण वादळी लाटही शिंपले आणते. म्हणूनच एका खुणेवर भागत नाही. थर किती आतपर्यंत जातो, त्यात काय आहे, त्याचं वय किती, लेखी नोंद काय सांगते, आणि संगणकावर लाटेचं गणित मांडलं तर ती तिथपर्यंत पोचते का, हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं.

वय काढायच्या पद्धतीही समजून घ्या. वाळूच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. कोळशाचं वय रेडिओकार्बनने कळतं. थरात नाणं सापडलं, तर त्यावरच्या सालाच्या आधी तो थर साचलेला असू शकत नाही, पण नंतर किती वर्षांनी साचला हे नाणं सांगत नाही. प्रत्येक पद्धत एक पट्टा देते, नेमकं वर्ष नाही. '१५२४ या पट्ट्यात बसतं' आणि '१५२४ सिद्ध झालं' यातला फरक कळला, की तुमचं अर्धं प्रशिक्षण झालं.

अनाथ त्सुनामी

राजेंद्रन यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'अनाथ त्सुनामी' असा शब्द आहे. लाट माहीत आहे, पण तिला जन्म देणारा भूकंप माहीत नाही, ती अनाथ. जपानमध्ये जानेवारी १७०० मध्ये अशी लाट नोंदली गेली होती. तिचा भूकंप पॅसिफिकच्या पलीकडे, उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर झाला होता, हे जवळपास तीन शतकांनी तिथल्या बुडालेल्या जंगलांवरून कळलं. केळशीच्या लाटेचा उगम मकरानच्या किनाऱ्याजवळ असावा असा अंदाज आहे. तिथेच १९४५ च्या नोव्हेंबरात झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

हे लातूरच्या माणसाला का लागतं

त्या टेकडीसमोर उभा असताना मला आजी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, तेव्हा आमच्या घरातली भांडी फडताळावरून पडली होती. पुढे कित्येक महिने माणसं अंगणात झोपली. किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली. त्याआधी भूकंपाच्या सरकारी नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. कारण मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती. पुढे राजेंद्रन यांनीच किल्लारी आणि तेर इथल्या थरांमध्ये जुन्या हालचालींच्या खुणा शोधल्या.

नोंद नसणं आणि घटना न घडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या तंबूच्या बाबतीत या गल्लतीची किंमत एक स्टोव्ह होती. किल्लारीत काय होती, ते आपल्याकडे कुणाला सांगायची गरज नाही.

तुमच्यासाठी

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा एका कागदावर तीन गोष्टी लिहा. माझं निरीक्षण किती काळाचं आहे? माझ्या निष्कर्षाला दुसरं कोणतं स्पष्टीकरण लागू पडतं, आणि ते खोडायला मला काय सापडावं लागेल? मी कचरा समजून काय बाजूला ठेवलंय? आणि क्षेत्रभेटीला गेलात, तर आधी गावात विचारा. पाऊणच्या पाढ्याचा हिशोब मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नव्हता.

दुसऱ्या रात्री आम्ही रेघेच्या वर तंबू लावणार होतो. काकांनी तेही थांबवलं. भरतीरेषेच्या वरच्या त्याच कोरड्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि दिव्यांनी पिल्लांची दिशा चुकते. मग आम्ही काकांच्या अंगणात झोपलो. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता.