स्पीकर लावा, पण जपून

तुळजापूरला नवरात्रात आई भवानीचा जागर होतो. संबळ वाजतो. गावोगावच्या मंडपांत स्पीकर लागतो.

स्पीकर बोलतो कसा? त्याच्या पोटात लोहचुंबक असतो. शेजारी तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यात वीज खेळली की ते थरथरते. त्याला जोडलेला पडदा हलतो. हवा हलते, आवाज निघतो.

आवाज फार चढवला तर वेटोळे तापून जळते. कागदी पडद्याला ओल सोसत नाही. म्हणून पेटी फळीवर ठेवा, पावसात झाका. तार जोडण्याआधी वीज बंद करा. माईक स्पीकरसमोर धरू नका, शिट्टी वाजते.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर वाजवायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. सणाचे मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देते.

बाबांनो, स्पीकर जळाला तर दुसरा मिळेल. लेकराचा कान गेला तर कुठून आणाल?