पोटांतील रोहिणी फुटते तेव्हां

मी वैद्य नव्हे. माझें आयुष्य मुलांना गणित शिकविण्यांत गेलें. परंतु एके सकाळीं माझ्या एका वृद्ध स्नेह्याच्या कमरेंत कळ आली, ‘मुतखडा असेल’ म्हणून आम्हीं शेक दिला, आणि दुपारीं सारें आटोपलें. तेव्हांपासून डॉक्टर मंडळींना विचारून मीं जें समजून घेतलें, तें सांगतों.

हृदयांतून निघालेली महारोहिणी कण्याच्या पुढून पोटांत उतरते. तेथें तिची रुंदी सुमारें २ सेंटिमीटर असते. वाढतें वय, रक्तदाब आणि विशेषेंकरून धूम्रपान यांनीं भिंत दुबळी झाली म्हणजे ती फुगते. हा फुगा ३ सेंटिमीटर वा अधिक झाला कीं त्यास ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. तो वर्षानुवर्षें मुकाट वाढतो.

फुटला म्हणजे पोटांत, पाठींत वा कुशींत अकस्मात् कळ येते, घेरी येते, थंड घाम सुटतो, बेंबीजवळ नाडीसारखी उडणारी गांठ लागते. परंतु हीं सर्व लक्षणें एकत्र पुस्तकांतच भेटतात. स्थूल पोटांत गांठ लागत नाहीं. कळ जांघेकडे उतरली कीं मुतखडाच वाटतो. म्हणून साठी उलटलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषास आयुष्यांत प्रथमच ‘मुतखडा’ झाला, तर आधीं महारोहिणीचा संशय घ्यावा.

खरा घात पुढें आहे. रक्त पुष्कळदां पोटाच्या मागील भागांत कोंडतें व स्राव थोडा वेळ थांबतो. घेरी आलेला रोगी उठून बसतो, चहा मागतो. माझ्या स्नेह्यानेंही मागितला, आणि आम्हीं आनंदानें दिला! वस्तुतः शस्त्रक्रियेची संधि ती हीच. त्या वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व केवळ ‘पोट दुखतें’ असें न सांगतां वय, घेरी आणि धूम्रपान हीं तिन्ही सांगावीं.

शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांस हाच रोग होता. १९४८ सालीं न्यूयॉर्क येथें डॉ. रुडॉल्फ निसेन यांनीं त्यांच्या रोहिणीभोंवतीं सेलोफेन गुंडाळला. १९५५ च्या एप्रिलांत ती फुटली, आणि पुनः शस्त्रक्रिया नाकारून ७६ व्या वर्षीं ते निवर्तले. आतां जांघेंतील रोहिणींतून आंत कृत्रिम नळी बसवितां येते. फुगा फुटण्यापूर्वीं तो साध्या सोनोग्राफींत दिसतो. पूर्वीं मीही विडी ओढीत असें, म्हणून मीं ती करविली, माप १.९ निघालें.